ढिगातले खनिज काढायचे तर

कसबा बावड्याच्या माणसाला टाकाऊ मालाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. राजाराम कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसातली साखर काढून घेतल्यावर जे उरते त्यातले काहीच वाया जात नाही. चिपाड बॉयलरमध्ये जाते, मळीला गिऱ्हाईक असते, प्रेसमड शेतात पडतो. खाणीच्या बाबतीत मात्र आपल्याच जिल्ह्यात हे अजून घडलेले नाही. पश्चिमेकडे राधानगरीतले दुर्गमानवाड, शाहूवाडीचा डोंगरपट्टा आणि चंदगडकडचा कासारसडा येथे सड्यांवर बॉक्साइट निघत आले आहे. त्यातला चांगला माल बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याकडे गेला आणि कमी प्रतीचा जांभा, माती व चुरा मागे ढीग होऊन राहिला. बेळगावात अ‍ॅल्युमिना काढून घेतल्यावर उरलेला लाल गाळ हा त्याच मालाचा दुसरा ढीग.

या ढिगांकडे आता अनेकांची नजर वळली आहे, आणि त्याला कारण आहे. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. तिच्यात टायटेनियम, गॅलियम, व्हॅनेडियम आहेत. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली. ओव्हरबर्डन, टेलिंग, राख आणि लाल गाळ यांतून अशी खनिजे काढण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी त्यात 100 कोटी रुपये ठेवले आहेत. बावड्यात अभियांत्रिकी शिकणारी मुले शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेऊ पाहतात, शिरोलीचे फौंड्रीवाले आणि क्रशरवाले चौकशी करतात, डोंगरी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना गावच्या ढिगाचे काय करावे हे हवे असते. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

माझे सांगणे एकच आहे. ढिगात कोणते मौल्यवान खनिज आहे हे विचारण्याआधी, ते काढून घेतल्यावर उरणाऱ्या नव्वद-पंच्याण्णव टक्के मालाचे काय करणार, ते ठरवा. ज्या प्रकल्पाकडे याचे उत्तर नसते तो एका ढिगाचे दोन ढीग करून थांबतो, आणि दुसरा ढीग पहिल्यापेक्षा बारीक, ओला आणि सांभाळायला अवघड असतो.

आधी ढीग ओळखा

खाणीतला टाकाऊ माल सरसकट एक नसतो. खनिजापर्यंत पोचण्यासाठी वरचा जो खडक-मुरूम काढावा लागतो तो ओव्हरबर्डन. कोळसा खाणीतली माणसे त्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. त्यात खनिज नसते, पण तो स्वतःच बांधकामाचा माल असू शकतो. दुसरा प्रकार कमी प्रतीच्या खनिजाचा. हे खनिजच असते, फक्त त्या काळच्या गिऱ्हाइकाला नको होते. तिसरा टेलिंगचा, म्हणजे दळून, धुऊन खनिज काढल्यावर उरलेला बारीक गाळ. चौथा रासायनिक प्रक्रियेतून आलेला गाळ, बेळगावच्या लाल गाळासारखा. या चारांची यंत्रे, परवाने आणि धोके वेगवेगळे आहेत. म्हणून ‘खाणीचा कचरा’ असा मोघम शब्द प्रकल्प अहवालात लिहू नका.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागात लोहखनिज काढताना परदेशी गिऱ्हाइकाला उच्च प्रतीचाच माल हवा असे. त्याखालचे सगळे डंपवर जाई. या शतकाच्या सुरुवातीला चीनची मागणी वाढली आणि कमी लोहाचा मालही जहाजात चढू लागला. ढिगातला एक कणही बदलला नव्हता, बदलला होता बाजार. 2009 मध्ये भारतीय खाण ब्युरोने लोहखनिजाची किमान प्रत 45 टक्के लोह अशी ठरवली, तेव्हा कायद्यानेही जुन्या ढिगांतला बराच माल खनिजात जमा झाला. यातून घ्यायचे ते असे: कमी प्रतीच्या मालाचा ढीग तपासताना गिऱ्हाईक कोण आणि त्याला आज किती प्रत चालते, हे प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे. बाजार उलटही फिरतो, हेही हिशेबात धरा.

नमुना: सगळे इथेच ठरते

ढिगाच्या पायथ्याशी उभे राहून दोन पिशव्या भरून आणणे हा नमुना नव्हे. डंपर काठावरून माल ओततो तेव्हा मोठी ढेकळे गडगडत तळाशी जातात आणि चुरा वरच राहतो. त्यामुळे पायथ्याचा माल बहुधा जाड असतो आणि माथ्याचा बारीक, आणि दोन्हींतले खनिजाचे प्रमाण वेगळे असते. त्यात आपल्याकडचा सह्याद्रीचा पाऊस. तो वरच्या थरातली बारीक माती धुऊन नेतो, म्हणून पृष्ठभागावरचा माल आतल्यापेक्षा नेहमी ‘बरा’ दिसतो. या दिसण्याला भुलून पैसे घातले की पुढचे गणित चुकते.

काम सुरू करण्याआधी खाणीवर पूर्वी काम केलेल्या मुकादमांना, डंपरचालकांना भेटा. ढिगाची कोणती बाजू कोणत्या काळात पडली, तेव्हा खाणीच्या कोणत्या भागात काम चालू होते, चांगला माल कधी कमी पडला होता, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्या माहितीवरून ढिगाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाचे नमुने वेगळे ठेवा. सगळे एकत्र कालवून सरासरी काढली तर चांगला भाग वाईटात हरवतो.

मग चर किंवा खड्डे घ्या, माथ्यापासून खालपर्यंत, ठरावीक अंतरावर. दर मीटर खोलीचा माल वेगळ्या ताडपत्रीवर काढा. चराच्या कडा ढासळतात. उतार मोकळा ठेवल्याशिवाय माणूस आत उतरवू नका, शक्य असेल तिथे बादलीच्या यंत्रानेच माल वर काढा. ढेकळे 50 मिलिमीटरपर्यंतची असतील तर नमुना शेकडो किलोंचा घ्यावा लागतो. माल जितका बारीक तितका थोडा नमुना पुरतो. ताडपत्रीवर माल चांगला कालवा, शंकूच्या आकाराचा ढीग करा, तो चपटा करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन टाका. ढेकळे फोडून पुन्हा तेच. असे करत शेवटी प्रयोगशाळेला पाठवायचे एक-दोन किलो उरतात. ओला असताना आणि वाळल्यावर अशी दोन्ही वजने लिहून ठेवा, कारण पुढे वाहतुकीचे पैसे ओल्या वजनावर जातात आणि गिऱ्हाईक कोरड्या वजनाचे देते.

ढिगाचे आकारमान टोटल स्टेशनने किंवा ड्रोनने मोजता येते. त्याचे टन करायला घनता लागते. ती पुस्तकातून उचलू नका. स्थापत्य शाखेची मुले रस्त्याच्या भरावाची घनता वाळू ओतून काढायला शिकतात, तीच पद्धत इथे वापरा. बावड्यातल्या विद्यार्थ्यांच्या गटाने एखाद्या ढिगाचे एवढे एकच काम नीट केले, म्हणजे आकारमान, घनता, ओलावा आणि भागवार नमुने, तरी तो उत्तम प्रकल्प होईल. महागडे रसायनशास्त्र त्यानंतरचे.

चाळणी आधी, यंत्र मागून

नमुना आला की तो चाळण्यांवर वेगळा करा. 50, 20, 10, 4.75 आणि 1 मिलिमीटर, मग 150 आणि 75 मायक्रॉन. प्रत्येक चाळणीवरच्या मालाचे वजन घ्या आणि प्रत्येकाचे रासायनिक पृथक्करण वेगळे करून घ्या. खर्च वाढतो, पण सगळ्यात उपयोगी माहिती इथूनच मिळते. बॉक्साइटच्या ढिगात सिलिका बरीचशी बारीक चिकणमातीत असते, आणि ही सिलिका अ‍ॅल्युमिना कारखान्यात कॉस्टिक सोडा खाते म्हणून कारखानदाराला ती नको असते. असा माल नुसता पाण्यात घुसळून ओल्या चाळणीवर टाकला तर माती निघून जाते आणि ढेकळांची प्रत वाढते. इतके सोपे काम पुरत असेल तर पुढची यंत्रे कशाला?

ते पुरत नसेल तर खनिज आणि खडक यांच्यातला फरक कशात आहे ते पाहा. वजनात फरक असेल तर जिग किंवा स्पायरल, चुंबकत्वात असेल तर चुंबकीय विलगक, पृष्ठभागाच्या गुणात असेल तर फ्लोटेशन. पण आधी खनिजाचा कण खडकापासून सुटा झालेला हवा. सह्याद्रीच्या जांभ्यात टायटेनियम चांगल्यापैकी असते, कारण तो जांभा बेसाल्टच कुजून झालेला आहे. मात्र ते इतक्या बारीक कणांनी लोह-अ‍ॅल्युमिनियममध्ये मुरलेले असते की साध्या दळण्याने ते सुटे होत नाही. कागदावरची टक्केवारी आणि हाती येणारे खनिज यांत फरक पडतो तो इथे. म्हणून एक्सआरएफने कोणते मूलद्रव्य किती हे कळल्यावर एक्सआरडीने ते कोणत्या खनिजात आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कसे अडकले आहे, हे पाहायलाच हवे.

गणित कागदावर करून पाहा

समजा एका ढिगात 40 टक्के लोह आहे. धुऊन, जिगवर टाकून 58 टक्क्यांचा माल मिळतो आणि उरलेल्या गाळात 25 टक्के लोह राहते. मिळणाऱ्या मालाचे प्रमाण काढायला 40 मधून 25 वजा करा, 58 मधून 25 वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. 15 भागिले 33, म्हणजे 100 टनांतून सुमारे 45 टन. त्यात लोह 26 टनांच्या वर, म्हणजे मूळच्या 40 टनांपैकी साधारण दोन तृतीयांश.

हे ऐकायला चांगले वाटते. पण 55 टन गाळ उरला. तो बारीक आहे, पाणी धरून आहे आणि त्याला जागा हवी आहे. शिवाय 100 टन खणले, हलवले, धुतले त्याचा सगळा खर्च 45 टनांवर पडणार, घाटातून खाली आणण्याचे भाडे वेगळे. गिऱ्हाइकाचा दर लेखी घ्या, त्यातून स्वामित्वधन, भाडे, वीज, पाणी आणि गाळाच्या बांधाचा खर्च वजा करा. दर वीस टक्क्यांनी पडला तर काय होईल, तेही त्याच कागदावर लिहा. जो प्रकल्प फक्त आजच्या दरात तरतो त्यात कर्ज काढून उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरची वाळू आणि आपला जांभा

महाराष्ट्रात खाणीच्या टाकाऊ मालाचा सगळ्यात नेटका उपयोग कोणी केला असेल तर तो वेस्टर्न कोलफील्ड्सने. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव येथे कोळशावरचा ओबी फोडून, धुऊन, चाळून वाळू केली जाते. गोंडेगावजवळचा मोठा प्रकल्प सुरू झाला तेव्हा दिवसाला 2,500 घनमीटर वाळू, आणि तीही घनमीटरला सुमारे 160 रुपयांत, असे त्याचे मोजमाप सांगितले गेले. ही वाळू घरकुलांसाठीही गेली. यात दुर्मीळ असे काहीच नाही. पण ढीग उतरतो, जमीन मोकळी होते आणि नदीतली वाळू वाचते.

हाच कित्ता कोल्हापुरात गिरवता येईल का? थेट नाही. नागपूरकडे कोळशावरचा खडक बराचसा वालुकाश्म आहे, तो फोडला की क्वार्ट्‌झचे टणक कण सुटे होतात. आपल्या सड्यांवरचा जांभा फोडला की भुकटी होते, आणि जे कण राहतात ते सच्छिद्र असून पाणी पितात. काँक्रीटसाठी तो चालणार नाही. त्याचे खरे गिऱ्हाईक सिमेंट कारखाना आहे. तिथे लोह आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही लागतात आणि कमी प्रतीचा जांभा ते दोन्ही देतो. जांभ्याखाली सापडणारी फिकी चिकणमाती कौले-फरशीवाल्यांना दाखवून पाहावी.

वाळूचा धडा आपल्याकडे लागू पडतो तो काळ्या दगडाच्या क्रशरवर. तिथल्या डस्टच्या ढिगांना बहुतेकदा फक्त धुण्याची आणि प्रतवारीची गरज असते. आयएस 383 या मानकात 75 मायक्रॉनखालचा माल नैसर्गिक वाळूत 3 टक्के, तर दगड फोडून केलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत चालतो. आपला माल या मर्यादेत बसतो का हे महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही कळते. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांचेही असेच. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू घाट चढून येते, साच्यात वापरली जाते आणि जळकी वाळू म्हणून बाहेर टाकली जाते. तिचे कण सोलून, तापवून पुन्हा साच्यात घालणे हे टाकाऊतून खनिज परत मिळवणेच आहे, आणि त्यासाठी बावड्याहून शियेच्या रस्त्याने नदीपलीकडे जाण्यापलीकडे प्रवास करावा लागत नाही. नवख्याने सुरुवात इथून करावी.

लाल गाळातले गॅलियम

आता ज्या प्रश्नासाठी बरेच जण हा विषय वाचतात तो. बेळगावचा कारखाना 1969 पासूनचा, इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने उभारलेला, आता हिंदाल्कोचा. तिथे बेयर पद्धतीने बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात उकळतात, अ‍ॅल्युमिना द्रावणात उतरतो आणि न विरघळलेला भाग लाल गाळ म्हणून उरतो. एक टन अ‍ॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन गाळ, असे जगभरचे प्रमाण. त्यात लोह भरपूर, टायटेनियम बऱ्यापैकी, आणि गॅलियम, स्कँडियम यांचे अंश.

गॅलियमसाठी गाळाच्या मागे लागू नका. बॉक्साइटमध्ये ते टनाला काही दशक ग्रॅम असते, आणि त्यातला मोठा वाटा गाळात न जाता कॉस्टिकच्या द्रावणात उतरतो. ते द्रावण पुन्हा पुन्हा फिरत राहिल्याने त्यात गॅलियम साठते. म्हणून ते काढायची जागा कारखान्याच्या आत आहे, बाहेरच्या ढिगावर नाही. उत्तर प्रदेशात रेणुकूटला पूर्वी असे गॅलियम काढले गेले आहे. चीनने ऑगस्ट 2023 पासून गॅलियमच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा देशाने हे काम पुन्हा मनावर घ्यायला हवे हे खरेच, पण ते अ‍ॅल्युमिना कारखान्यांनी करायचे काम आहे.

गाळाच्या मोठ्या भाराला गिऱ्हाईक मिळाले ते सिमेंटमध्येच. हिंदाल्कोने 2020 मध्ये अल्ट्राटेकशी वर्षाला 12 लाख टन लाल गाळ 14 सिमेंट कारखान्यांना देण्याचा करार केला. टायटेनियम-स्कँडियमवर नागपूरची जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन संस्था आणि भुवनेश्वर, जमशेदपूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा काम करतात. त्या क्षेत्रात शिरायचे तर त्यांच्याबरोबर शिरा.

लाल गाळाच्या विटा, पेव्हर ब्लॉक करू म्हणणाऱ्यांना एक सूचना. या गाळाचा सामू 11 ते 13 इतका असू शकतो, तो कातडी भाजतो, आणि त्यात थोरियम-युरेनियमचे नैसर्गिक अंश असतात. पाण्यात काय उतरते याची आणि किरणोत्साराची अशा दोन चाचण्या केल्याशिवाय त्याची एकही वीट कोणाच्या घराला लावू नका.

मालकी कोणाची

ढीग उघड्यावर पडला आहे म्हणून तो बेवारस नसतो. खाणपट्टा चालू असेल तर ढिगावर पट्टेदाराचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही असतात. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने नियम बदलून ओव्हरबर्डन आणि किमान प्रतीखालचा माल विकण्याची वाट पट्टेदाराला मोकळी करून दिली. तेव्हा अशा ढिगासाठी आधी त्याच्याशी बोला. पट्टा संपलेला असेल तर प्रश्न राज्य सरकारचा होतो. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात खाणपट्टे 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपल्याचे धरले, आणि खाणपट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाही असेही बजावले. ज्यांनी आधी यंत्रे घेतली आणि कागद नंतर पाहायचे ठरवले त्यांच्यासाठी हा निकाल पुरेसा इशारा आहे.

कोल्हापुरात पहिली खेप जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे घाला. माल प्रमुख खनिजात मोडतो की गौण खनिजात, हे तिथे लेखी विचारा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वाहतूक पास, आणि वनजमीन किंवा अभयारण्याची हद्द लागत असेल तर त्याची परवानगी. राधानगरी आणि चांदोलीच्या आसपास हे हमखास लागते. तिथल्या काही ढिगांवर आता झाडोरा उभा आहे आणि त्या मुळांनी उतार धरून ठेवला आहे. असा ढीग उकरून खाली ओढ्यात माती सोडण्यापेक्षा तो तसाच राहू द्यावा. ग्रामपंचायतीला तसे ठामपणे म्हणता आले पाहिजे.

पाणी आणि बांध

जुना ढीग उकरणे नव्या खाणीपेक्षा सुरक्षित, हा समज काढून टाका. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफोंटेनला हिऱ्यांच्या जुन्या खाणीचा टाकाऊ माल पुन्हा धुतला जात होता. 11 सप्टेंबर 2022 ला त्या गाळाचा बांध फुटला आणि गाळ वस्तीत शिरला. हंगेरीत ऑक्टोबर 2010 मध्ये लाल गाळाचा बांध फुटून दहा माणसे गेली. आपल्याकडे झारखंडात मुरीला एप्रिल 2019 मध्ये लाल गाळाचा ढीग कोसळला. तिन्ही ठिकाणी कोसळली ती खाण नव्हती, उरलेल्या मालाची साठवण होती.

म्हणून धुण्याचे काम नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात करा आणि पाणी फिरवून पुन्हा वापरा. गाळ तळ्यात साठवण्यापेक्षा फिल्टर प्रेसने दाबून कोरड्या वड्या करणे महाग पडते, पण घाटमाथ्याच्या पावसात मला तोच मार्ग योग्य वाटतो. ढीग वरून खाली, पायऱ्या करत उतरवा, पायथा खणून कधीही नको. काम सुरू होण्याआधी ढिगाखालच्या विहिरींच्या आणि ओढ्याच्या पाण्याची चाचणी करून अहवाल ग्रामपंचायतीकडे ठेवा. पुढे वाद झाला तर दोन्ही बाजूंना तोच उपयोगी पडतो.

तपासणीसाठी फार लांब जावे लागत नाही. एक्सआरडीसारखी उपकरणे शिवाजी विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात आहेत. धुण्या-चाळण्याची मोठ्या प्रमाणावरची चाचणी करायची तर भारतीय खाण ब्युरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा नागपूरजवळ हिंगण्याला आहे. तिथे जाताना ढिगाचा नकाशा, भागवार नमुने, चाळणीचे तक्ते आणि मालकाचे संमतिपत्र एवढे सोबत न्या. आणि पहिल्याच पत्रात खनिज काढून उरणाऱ्या मालाचा नमुनाही तपासून द्यावा, अशी मागणी करा.